मेंदूतील तार आणि कळ दाबणारा हात



चालकांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा हमालांची मजुरी, कापसाचा भाव किंवा जिनिंगमधील कामाचे तास यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय आमच्या रोजच्या पोटापाण्याचे आहेत व त्यांवर बाजार समितीच्या फाटकापाशी आम्ही वर्षभर बोलतच असतो. आज आम्ही मुद्दाम निराळा विषय घेतला आहे. माकडांच्या मेंदूत बारीक तारा घालून स्मरण, अपेक्षा, निर्णय हे व्यापार कसे चालतात याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला. त्या शोधातून माणसाच्या मेंदूत खोलवर वीज सोडण्याचा एक उपचार निघाला. या दोन्ही गोष्टींचा परभणीच्या कष्टकरी माणसाशी काय संबंध पोहोचतो, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि ज्या डॉक्टर मंडळींस आम्ही पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून बेजार केले त्यांच्या कृपेने. म्हणून जे आम्हांस नीट कळले तेवढेच आपल्या भाषेत मांडू.

प्रथम माकडांविषयी दोन शब्द. आपल्याकडे हरभऱ्याच्या शेतात टोळीने उतरते ते काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर. प्रयोगशाळेत जे वापरतात ते मुख्यतः लाल तोंडाचे, रीसस जातीचे माकड. हे उत्तर हिंदुस्थानातले. डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखे दिसणारे दुसरे माकड दक्षिणेतले. या दोहोंच्या मुलखांची हद्द पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी अशी पूर्वीच्या प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितली आहे. अलीकडे उत्तरेचे माकड दक्षिणेकडे सरकत चालले आहे. ज्या गंगेत आपण गंगाखेडला स्नान करतो, तीच पुढे तेलंगणात जाऊन माकडांच्या दोन जातींमधली सीमा होते. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मेंदूतील विजेची नोंद घेण्याचे जे काम चालते, ते या दक्षिणेच्या टोपीवाल्या माकडांवर. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचाच आहे असे कोणी समजू नये.

आता मेंदूतील वीज म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. रीसस माकडाच्या मेंदूत सुमारे ६४० कोटी. पेशी एकमेकींस निरोप देतात तो विजेच्या सूक्ष्म ठोक्यांनी. हा ठोका किती लहान, तर हातबत्तीच्या सेलमध्ये जो दीड व्होल्टचा दाब असतो, त्याच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढा. केसाहून बारीक, टोकाशिवाय सर्वत्र लेप दिलेली तार पेशीच्या अगदी जवळ नेली, तो ठोका यंत्राने मोठा केला आणि कर्ण्याला जोडला, तर तो कानांनी ऐकू येतो. प्रत्यक्ष मेंदूच्या गराला वेदना नसते; वेदना होते ती कातडीला व आवरणांना. म्हणून माकडाला भूल देऊन कवटीवर एक लहानशी डबी बसवितात, आणि जखम भरल्यावर ते जागे असताना, शिकविलेले काम करीत असताना, तार आत सोडून नोंद घेतात.

अमेरिकेत एडवर्ड एव्हार्ट्स यांनी १९६० नंतरच्या दशकात ही रीत पक्की केली. माकडाने खुणेबरोबर हात हलवावयाचा असे त्यांनी शिकविले. हात हलण्यापूर्वीच, सेकंदाच्या एका लहान अंशाने आधी, मेंदूतील ठराविक पेशी कडकडू लागत. हुकूम आधी आणि हालचाल मागून, हे तेव्हा प्रत्यक्ष ऐकू आले.

पुढे १९७१ साली अमेरिकेत फुस्टर व अलेक्झांडर यांनी, आणि त्याच वर्षी जपानात कुबोता व निकी यांनी स्मरणाचा माग काढला. माकडासमोर दोन जागा. एकीखाली खाऊ ठेवलेला माकडाने पाहावयाचा. मग आड पडदा टाकावयाचा. काही क्षणांनी पडदा वर गेला की माकडाने बरोबर जागेकडे हात न्यावयाचा. पडदा पडलेला असताना डोळ्यांपुढे काहीच नसते. तरीही कपाळामागच्या मेंदूतील काही पेशी तेवढा वेळ सतत ठोके देत राहतात. आपल्या बाजारात तोलणार थप्पी मोजीत असतो. मध्येच कोणी हाक मारली तरी एकशे सदतीस हा आकडा तो मनात धरून ठेवतो. त्या धरून ठेवण्याचे शरीरातील रूप असे असते, हे त्या माकडांनी दाखवून दिले.

तिसरी गोष्ट आम्हां संघटनेच्या माणसांस विशेष जवळची वाटते. स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर येथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या, डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अवचित फळांच्या रसाचा घोट मिळाला की या पेशी जोराने ठोके देत. पुढे दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळले, तेव्हा पेशी दिवा लागताच ठोके देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा स्वस्थ राहिल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यावयास हवा होता त्याच क्षणी पेशी एकदम गप्प झाल्या. म्हणजे या पेशी मोजतात ते काय मिळाले एवढेच मोजीत नाहीत. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरक मोजतात. दिवाळीचा बोनस जाहीर होतो त्या दिवशी कामगार पेढे वाटतो; पगारपत्रकात तो आलेला दिसतो त्या दिवशी तितका हर्ष नसतो; आणि जाहीर झालेला बोनस बुडाला तर जे होते, ते आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. ‘जास्त तर काही मागत नाहीत, मग एवढे चिडतात का?’ असे मालक आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर शुल्ट्झसाहेबांच्या माकडांपाशी आहे.

आपल्या देशानेही या शास्त्रात लवकर पाऊल टाकले होते. डॉ. बी. के. आनंद यांनी १९५१ साली अमेरिकेत ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांच्या मेंदूतील एक लहानशी जागा शोधून काढली. ती दोन्ही बाजूंस नष्ट केली की उंदीर अन्नाच्या ढिगाशेजारी बसून उपाशी मरे. हिंदुस्थानात परत आल्यावर सहकाऱ्यांसह त्यांनी मांजरे व माकडे यांवर तेच काम केले. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. भुकेला मेंदूत जागा असते, हे जगाला सांगण्यात एका भारतीयाचा वाटा होता. अर्थात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची ती जागा शाबूत होती. त्यांच्यापुढे अन्न नव्हते, एवढेच. ती भूक शास्त्राने भागणारी नव्हती. तिला रोजगार हमीचे काम लागले.

आता मुख्य विषयाकडे वळू. शुल्ट्झ यांनी ज्या पेशींची नोंद घेतली, त्याच पेशी हळूहळू मरू लागल्या की जो रोग होतो त्याला आपण कंपवात म्हणतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून इंग्रजीत त्यांचे नाव. हात स्वस्थ असता थरथरतो, अंग ताठरते, पाऊल लहान पडते, चेहऱ्यावरचा भाव नाहीसा होतो, अक्षर बारीक होत जाते. बुद्धी बहुधा बराच काळ शाबूत असते. म्हणून माणसाला आपली दशा पुरती कळत असते.

आमच्या संघटनेतील एका तोलणाराचा हात असा थरथरू लागला. मुकादमाने तो दारू पितो असे ठरविले. माळकरी माणूस, थेंबाला शिवलेला नाही. एका जिनिंगने त्याला काट्यावरून दूर केले, आणि ‘स्वखुशीने काम सोडतो’ अशा कागदावर त्याचा अंगठा घेतला. पुढे दोन वर्षांनी रोगाचे नाव कळले. ते नाव वेळेवर कळले असते तर निदान त्याची अब्रू राहिली असती. आज या सभेत जे बसले आहेत त्यांनी एवढे तरी घरी घेऊन जावे की, थरथरणारा प्रत्येक हात दारूचा नसतो.

या रोगावर औषध आहे. डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य, लेवोडोपा, १९६० नंतरच्या दशकापासून देतात. आपल्या कुंपणांवर वाढणारी, अंगाला लागली की आग उठविणारी कुहिली आपणांस ठाऊक आहे. संस्कृतात तिचे नाव कपिकच्छू, म्हणजे माकडाला खाज आणणारी. तिच्या बियांत हेच द्रव्य असते, हे १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या दोन भारतीयांनी दाखविले. मात्र कोणी ऐकीव माहितीवर बिया खाऊ नयेत. मात्रा चुकली तर अपाय होतो. औषधानेही काही वर्षे बरे वाटते, मग गुण कमी काळ टिकू लागतो, आणि नको त्या वेळी अंग वेडेवाकडे हलू लागते.

येथे माकडे पुन्हा आली. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरट्या कारखान्यात बनलेले अमली द्रव्य टोचून घेतले आणि ते काही दिवसांत दगडासारखे ताठरले. त्या द्रव्यातील विष डोपामिनच्या पेशी मारते असे निष्पन्न झाले. ते विष माकडांस दिल्यावर त्यांनाही कंपवातासारखा विकार झाला. मग मॅलॉन डीलाँग, बर्गमन व विचमन यांनी अशा माकडांच्या मेंदूत तारा घालून नोंद घेतली. सबथॅलॅमिक केंद्रक म्हणून तुरीच्या दाण्याएवढा एक भाग आहे. तो या रोगात भलताच जोराने चालू असतो असे दिसले. तो भाग निकामी करताच माकडांची हालचाल सुधारली. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. तिकडे फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांना १९८७ साली असे आढळले होते की, मेंदूचा भाग जाळून टाकण्याऐवजी तेथे वेगाने विजेचे ठोके दिले तरी कंप थांबतो, आणि वीज बंद केली की पूर्ववत होतो. या दोन शोधांची गाठ पडली व १९९३ साली ग्रनोब्लला माणसाच्या त्या तुरीएवढ्या भागात तार बसविण्यात आली. डीलाँग व बेनाबिद यांना २०१४ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. शस्त्रक्रियेच्या मोठ्या भागात रोगी बहुधा जागा असतो. डोक्याची कातडी बधिर करून, कवटीला लहान छिद्र पाडून, आधी नोंद घेणारी बारीक तार आत नेतात आणि कर्ण्यातून पेशींचा आवाज ऐकतात. योग्य जागी पोहोचताच तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा दाट कडकडाट सुरू होतो. डॉक्टर रोग्याला हात उघड-मीट करावयास सांगतात, कंप थांबतो का ते पाहतात, मग कायमची तार बसवितात. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बॅटरीची पेटी ठेवतात. ती सेकंदास सुमारे १३० ठोके देते. एव्हार्ट्ससाहेबांच्या माकडांच्या डबीपासून मुंबईच्या शस्त्रक्रियागृहातील कर्ण्यापर्यंत हा एकच सलग रस्ता आहे.

या उपचाराने रोग बरा होत नाही. तो पुढे वाढतच असतो. पण वेचून घेतलेल्या रोग्यांस चालता येते, घास तोंडापर्यंत नेता येतो, औषध कमी लागते. थोड्यांना मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा तुरीएवढा भाग केवळ हातपाय चालवीत नाही. दोन पर्याय सारखेच भासले की माणूस क्षणभर थबकतो. त्या थबकण्यातही याचा हात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र चालू असताना असे रोगी कठीण निवडीच्या वेळी थबकण्याऐवजी घाई करतात, असे दिसून आले. म्हणजे कंप थांबविण्यासाठी सोडलेली वीज निर्णयशक्तीलाही स्पर्श करते. आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य भाग येथून सुरू होतो.

स्पेनमधून अमेरिकेत गेलेले होसे देल्गादो हे येल विद्यापीठात काम करीत. एका बैलाच्या मेंदूत तार घालून, अंगावर धावून येणाऱ्या त्या बैलाला त्यांनी हातातील पेटीची कळ दाबून थांबविले, ही गोष्ट फार गाजली. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो त्यांचा माकडांच्या टोळीवरील प्रयोग. पिंजऱ्यात रीसस माकडांची टोळी होती. अली नावाचा दांडगा नर तिचा मुकादम. तो इतरांस चावे, भेडसावी, चांगली जागा बळकावी. देल्गादो यांनी अलीच्या मेंदूतील कॉडेट नावाच्या भागात तार घातली आणि तिची कळ पिंजऱ्याच्या भिंतीवर बसविली. कळ दाबली की काही क्षण अलीचा राग ओसरे. एल्सा नावाच्या माकडिणीला हे उमगले. अली अंगावर येऊ लागला की ती त्याच्याकडे रोखून पाहत कळ दाबी.

ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांस सांगितली तेव्हा सगळे हसले. ‘साहेब, अशी एक कळ आमच्या गेटवर बसवा,’ असे एक जण म्हणाला. आम्हीही हसलो. पण देल्गादो यांनी पुढे काय लिहिले ते पाहा. एल्सामुळे हल्ले थांबले, टोळीत शांतता राहिली. परंतु एल्सा काही टोळीची प्रमुख झाली नाही. अलीचा दर्जा अलीपाशी राहिला. अलीला कोणी विचारले नव्हते, एल्सालाही कोणी विचारले नव्हते. तार कोणाच्या डोक्यात घालावयाची व कळ कोठे बसवावयाची, हे ठरविणारा पिंजऱ्याबाहेर उभा होता. त्याने ती कळ अलीच्या हाताशी ठेवून तार एल्साच्या डोक्यात घातली असती, तरी पिंजऱ्यात शांतता झालीच असती. कारखान्यात शांतता असावी असे सर्वांनाच वाटते. आम्ही एवढेच विचारतो की, ती शांतता तडजोडीने आली की कोणाच्या तरी डोक्यातील तारेने.

देल्गादो यांचे प्रयोग आता जुने झाले. त्यांतील पुष्कळसा परिणाम केवळ हालचाल थांबल्याचा होता, अशी टीकाही झाली. मात्र शास्त्र पुढे गेले आहे. २००६ साली अमेरिकेत विल्यम्स व एस्कंदर यांनी माकड नवी जोडणी शिकत असताना, बरोबर उत्तर दिल्याच्या क्षणी, कॉडेट भागात ठोके दिले. माकडे अधिक लवकर शिकली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात निरोगी माकडांच्या थॅलॅमसमध्ये वीज सोडून, कंटाळवाण्या कामात ढळणारे त्यांचे लक्ष सावरता आले. २०२० साली तर भूल दिलेल्या माकडांना थॅलॅमसच्या एका भागात सेकंदास ५० ठोके देऊन भूल चालू असतानाच जागे करता आले. या प्रयोगांमागचा हेतू थोर आहे. अपघातानंतर महिनोन्महिने अर्धवट शुद्धीत पडून राहिलेल्या माणसाला परत आणावे, हा तो हेतू. २००७ साली अशा एका रोग्याला थोडा गुण आल्याचे प्रसिद्धही झाले आहे. आपल्या महामार्गावर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला धडकून जे तरुण असे पडून राहतात, त्यांच्या आयांना विचारा या संशोधनाची किंमत काय ते.

पण कंटाळवाण्या कामात ढळणारे लक्ष सावरणे, हे शब्द आम्ही वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे रोग्याची खाट आली नाही. रात्रपाळीतील यंत्रावर पेंगणारा मजूर आला. पेंगणाऱ्या मजुराला पाळी कमी करून झोप द्यावयाची, की त्याच्या डोक्यात ठोके सोडावयाचे? आज कोणी कारखानदार असे करीत नाही व उद्या लगेच करील असेही आम्ही म्हणत नाही. तथापि मेंदूत तारा घालण्याच्या धंद्यात आता मोठे भांडवल उतरले आहे. न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने २०२१ साली आपल्या माकडाचे चित्रपटावरचे खेळणे जगाला दाखविले आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत यंत्र बसविले. भांडवल उतरले म्हणजे नफाही पाहिला जाणार. सेकंड साइट नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने आंधळ्यांच्या डोळ्यांत कृत्रिम पडदे बसविले होते. धंदा परवडेना म्हणून तिने ते काम सोडले, आणि शेकडो लोकांच्या डोळ्यांत दुरुस्तीला वाली नसलेली यंत्रे राहिली. मोटारीचा सुटा भाग मिळेनासा झाला तर मोटार भंगारात घालता येते. शरीरातील यंत्राचे काय करावयाचे?

म्हणून आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरतो.

पहिली गोष्ट संमतीची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९६ व्या कलमाने असे ठरविले आहे की, मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करावयाची तर त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि संबंधित मंडळाची मंजुरीही हवी. २०२३ साली नैराश्याच्या विकारासाठी जसलोकमध्ये अशी शस्त्रक्रिया झाली, ती मंजुरीनंतरच. हा कायदा चांगला आहे. चिली देशाने तर २०२१ साली मेंदूच्या व्यापारांचे रक्षण आपल्या घटनेत लिहून घेतले. परंतु ज्या देशात ‘स्वखुशीने’ या शब्दाखाली अंगठा घेतला जातो, तेथे संमतीचा कागद वाचून दाखविणारा माणूस रोग्याच्या बाजूचा असला पाहिजे. रुग्णालयांत असा माणूस नेमावा. कळ रोग्याच्या हाती असावी; आणि यंत्र बंद करण्याचा त्याचा हक्क कोणत्याही कराराने जाऊ नये.

दुसरी गोष्ट किमतीची. या शस्त्रक्रियेचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. बराचसा परदेशी यंत्राचा. साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे खर्च पुन्हा. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठता येते, पण तेवढे पैसे हमालाने कोठून गाठावे? यावर ‘महाग वस्तू आहे, इलाज नाही’ असे म्हणणाऱ्यांस आम्ही एक उदाहरण देतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने, हृदयाची कृत्रिम झडप स्वतः बनविली. डॉ. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे काम झाले, सुरुवातीचे नमुने फसले, आणि १९९० साली ती माणसात बसली. परदेशी झडपेहून ती पुष्कळ स्वस्त पडली आणि हजारो गरिबांच्या छातीत आज ती चालू आहे. झडप झाली तर मेंदूची पेटी का होऊ नये? परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावे म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, ते मिळाले. तेथे निदान कंपवाताची ओळख वेळेवर पटावी व औषध नियमित मिळावे, ही मागणी काही अवास्तव नाही.

तिसरी गोष्ट माकडांची. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातून लाखो रीसस माकडे परदेशी गेली. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर कोंडलेल्या गाडीत शेकडो माकडे गुदमरून मेली, तेव्हा सरकारने निर्यात थांबविली. मग वैद्यकीय उपयोगासाठीच ती वापरली जातील अशा अटीवर पुन्हा सुरू केली. पोलिओच्या लशीसाठी त्यांचा मोठा उपयोग झाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पुढे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांतही भारतीय माकडे वापरल्याचे बाहेर आले, आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली. ठरलेली अट मोडली म्हणून माल बंद. संघटनेच्या माणसाला हा न्याय चटकन पटतो. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती त्यातूनच आली. अलीकडे २०२० साली कोवॅक्सिन लशीची परीक्षा वीस रीसस माकडांवर झाली, तीही आपल्या पुण्याच्या संस्थेत.

माकडांवर एकही प्रयोग होऊ नये, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. कंपवाताने जखडलेला माणूस आम्ही पाहिला आहे. परंतु प्रयोगशाळेत माकड काम करते हे विसरू नये. त्याला तहानलेले ठेवून घोट-घोट रसावर ते तासन्‌तास खुणा ओळखते. त्याची पाळी कोणी ठरविलेली नाही व त्याला नाही म्हणता येत नाही. जे काम संगणकाने किंवा माणसाच्या संमतीने होण्यासारखे आहे त्यासाठी माकड घेऊ नये. घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्यावे. आणि त्याच्या कष्टातून आलेले ज्ञान कोणा एका कंपनीच्या तिजोरीत कोंडू नये. ज्यांनी बोलता येत नसताना एवढे दिले, त्यांच्या देण्यावर मक्तेदारी बसविणे आम्हांस फार लाजिरवाणे वाटते.

बंधुभगिनींनो, मेंदू हा विषय विद्वानांचा म्हणून आपण त्याच्याकडे पाठ फिरवू नये. यंत्रमाग आला तेव्हा विणकरांस कोणी विचारले नाही. संगणक आला तेव्हा कारकुनांस कोणी विचारले नाही. ही तार तर थेट डोक्यात जाणारी आहे. ती येण्याआधी प्रश्न विचारण्याइतका वेळ आपल्यापाशी आहे. त्या प्रश्नांची सुरुवात या मांडवातून व्हावी म्हणून आम्ही हा विषय घेतला. व्याख्यान संपल्यावर येथील डॉक्टर मंडळी काही वेळ थांबणार आहेत; ज्यांच्या घरी कोणाचा हात थरथरतो, त्यांनी संकोच न करता त्यांना भेटावे.